दिवाळीत मुलीला घेऊन गुहागरला जायचंय. तिथल्या किनाऱ्यावर शंख-शिंपले कधी आणि कुठे मिळतील? मागच्या वेळी आणलेल्यांना घरी वास का आला?

वास आला म्हणजे त्यातला निदान एक शंख रिकामा नव्हता. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माझं आजोळ गुहागर तालुक्यातलं. आठ-नऊ वर्षांची असताना मी एक सुंदर, तपकिरी ठिपक्यांचा शंख बिस्किटाच्या डब्यात घालून पुण्याला आणला होता. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर आत मेलेला खेकडा. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीच्या शंखात शिरतो आणि वाढला की मोठा शंख शोधून त्यात राहायला जातो. माणूस जवळ आला की तो अंग आत ओढून घेतो आणि शंख रिकामा वाटतो. तो डबा मला अजून आठवतो, आणि अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून प्रत्येक शंख मी ओल्या वाळूवर तोंड खाली करून ठेवते आणि पाच मिनिटं लांब उभी राहते. पाय बाहेर आले, शंख चालू लागला, की तो त्याचा. शंखाच्या तोंडाशी नखासारखी झाकणी घट्ट बसलेली असेल तर आत गोगलगाय जिवंत आहे, तोही तिथेच ठेवून द्यायचा. तुमच्या मुलीला ही पाच मिनिटं शंखापेक्षा जास्त आवडतील असं मला वाटतं. निमुळत्या, शंकूसारख्या, नक्षीदार शंखांना मात्र तिला हात लावू देऊ नका. त्यातल्या जिवंत गोगलगायीचा डंख विषारी असतो.

आता वेळ. कोकणात भरतीचा ढोबळ हिशोब तिथीवर करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी दहाच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून थोडं आधीच पोचावं. अष्टमीच्या आसपास भांग (कमी जोराची भरती-ओहोटी) असते, पाणी फारसं मागे जात नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप आत हटतं. तुम्ही दिवाळीत जाताय हे उत्तमच, कारण लक्ष्मीपूजन अमावास्येचं. पाडव्याला आणि भाऊबीजेला उजाडल्याबरोबर खाली उतरा. पर्यटक उठायच्या आत किनारा तुमचाच असतो.

गुहागरचा किनारा लांब आणि सरळ आहे. पाण्याच्या कडेने चालण्याऐवजी आदल्या भरतीने काडीकचऱ्याची जी रेघ आखून ठेवलेली असते, तिच्यावरून चाला. हलके शिंपले तिथेच अडकतात. खडकांतली डबकी बघायची असतील तर हेदवीला जा, पण तिथल्या बामणघळीपाशी (खडकातली अरुंद घळ, तिच्यात भरतीचं पाणी उंच उसळतं) भरतीच्या वेळी अजिबात थांबू नका.

घरी आणल्यावर दोन दिवस साध्या पाण्यात भिजत घाला, पाणी रोज बदला, जुन्या टूथब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. लिंबू किंवा व्हिनेगर लावायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. शंख-शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे असतात (कोकणात पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत), आंबटाने ते झिजतात आणि चकाकी कायमची जाते. चमक हवी असेल तर बेबी ऑइलचा एक हात पुरे.

प्रवाळाचा तुकडा दिसला तर उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, शंखांच्या काही जातींनाही आहे. दुकानात मांडलेले मोठे शंख म्हणूनच मी घेत नाही.

आणि एक गोष्ट मुलीला नक्की शोधायला सांगा. काही शिंपल्यांना टोकाजवळ अगदी गोल, कडेला उतरतं भोक असतं, गिरमिटाने पाडल्यासारखं. वाळूत राहणारी एक शिकारी गोगलगाय शिंपल्याला मिठी मारते, आम्ल सोडून आणि दातेरी जिभेने खरवडून तासन् तास ते भोक पाडते, आणि आतला जीव खाते. हे शिंपले नक्की रिकामे असतात, त्यांना वास येत नाही, आणि माळ करायला दोराही सरळ ओवता येतो.