वृद्धत्वावर संशोधनाधारित भूमिका मांडणारा निबंध लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

'वृद्धांची काळजी घ्यायला हवी' ही भूमिका नव्हे, त्याला नाही कोण म्हणणार? ज्यावर कोणीतरी वाद घालेल असं वाक्य आधी पकडा.

उदाहरणार्थ, २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा. त्याच्या कलम ९ नुसार न्यायाधिकरण मुलांना आई-वडिलांसाठी महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाहभत्ता द्यायला लावू शकतं. तुमची भूमिका : 'ही मर्यादा काढावी.' झालं, आता भांडायला जागा मिळाली. २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकातही हाच प्रस्ताव होता, ते जरूर वाचा.

पुरावा दोन थरांचा घ्या. देशाचं चित्र २०११ च्या जनगणनेतून (६० वर्षांवरचे सुमारे १०.४ कोटी) आणि 'लासी' (भारतातल्या वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास) या पाहणीतून. ही पाहणी मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने केली, पहिली फेरी २०१७-१८, ४५ वर्षांवरचे ७२ हजारांच्या आसपास लोक. दुसरा थर जवळचा : शेजारच्या आजींना विचारून त्यांच्या औषधांची महिन्याची बिलं बेरजेला घ्या. १०,००० पुरतात की नाही, ते तिथेच दिसतं. फक्त एका घरावरून सगळ्या देशाचा निष्कर्ष काढू नका, परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

विरोधी बाजूला मात्र खरी जागा द्या. 'मुलाचाच पगार १८,००० असेल तर?' हा प्रश्न तुम्हीच विचारा आणि उत्तरही द्या. माझ्या मते बहुतेक निबंध इथेच लंगडे पडतात. उतारवयावरची सुभाषितं? गाळा.