बोटीवर माल चढवताना

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

शिप चँडलरच्या, म्हणजे जहाजांना लागणारा माल पुरवणाऱ्याच्या गोदामात लागलास हे कळलं, बरं वाटलं. आपलं गिऱ्हाईक उद्या पुन्हा दुकानावरून जायचं नाही, हे आधी डोक्यात घे. न्हावा-शेव्याला कंटेनरचं जहाज फार तर दिवसभर थांबतं. चुकीचा माल गेला तर बदलून द्यायला तू काय कोलंबोपर्यंत जाणार?

म्हणून यादीत वस्तूच्या नावाआधी इम्पाचा, म्हणजे जहाजी मालाच्या जागतिक कॅटलॉगातला सहा आकडी कोड बघायचा. नुसतं ‘टॉर्च’ लिहिलं असेल तर जहाज कसलं ते विचार. पूर्वी याच धंद्यात मेणबत्त्या खपायच्या. आता तेलाच्या टँकरवर साधी टॉर्चसुद्धा चालत नाही, स्फोटाचा धोका नसलेली, सर्टिफिकेटवाली लागते. दोरांचंही तसंच. पॉलिप्रॉपिलीन तरंगतो, नायलॉन बुडतो, पण ताण आला की चांगला लांबतो. दोन्ही पांढरे असले की नवखा फसतो. शंका आली तर तुकडा कापून बादलीत टाक, लगेच कळेल. पायलट लॅडर, म्हणजे बंदराचा वाटाड्या पायलट जिच्यावरून जहाजावर चढतो ती दोराची शिडी, सर्टिफिकेटशिवाय गोदामातून हलवायचीच नाही, मालक कितीही घाई करू दे.

भाजीला वाशीच्या मार्केटात पहाटे स्वतः जा. टोमॅटो कडक, अर्धेकच्चे घे. लालबुंद बघून भुललास की चार दिवसांत पेटी गळायला लागते आणि शिव्या बिचारा कुक खातो. कुकशी गोडीत राहा. पुढच्या खेपेला आपलं नाव तोच काढतो.

आता पैशांचं, कारण माणसं बुडतात ती इथेच. डेकवर माल मोजून दे, माल पोचल्याच्या चलनावर सही आणि जहाजाचा शिक्का घेतल्याशिवाय गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, उतरू नकोस. बिल मधल्या दलालाच्या नावावर फाडू नकोस; जहाजाचं नाव टाकून ‘मास्टर अँड ओनर्स’, म्हणजे कप्तान आणि मालक, असं लिही. 2017 च्या ॲडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या कायद्याखाली पुरवलेल्या मालाच्या थकबाकीसाठी उच्च न्यायालयातून जहाज अडकवता येतं. पण मधल्या काळात ते विकलं गेलं, मालक बदलला, तर आपल्यासारख्याला हात चोळत बसावं लागतं. तेव्हा उधारी लांबली की भिडेखातर गप्प बसायचं नाही. आपल्यातले पुष्कळजण ‘जुनी ओळख आहे’ म्हणत वर्ष घालवतात. मला ते कधी पटलं नाही.

बंदराच्या पासची मुदत आजच बघून ठेव. आणि सेफ्टी शूज स्वतःचे घे. गोदामातले कुणाच्याच मापाचे नसतात.

तुझा,
काका