सुपर बोलपर्यंतही न नेलेल्या बर्नी कोझारवर क्लीव्हलँडचे जुने लोक अजून एवढा जीव का टाकतात?

कारण त्याने ही टीम स्वतः मागून घेतली होती. बाकीची कारणं त्याच्या मागून येतात.

तुमचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडची अमेरिकन फुटबॉल टीम म्हणजे ब्राऊन्स. ते आजवर एकदाही सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळलेले नाहीत. त्यांचा जुना क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा आणि चाली चालवणारा खेळाडू) कोझार दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्येही नाही, मग त्याचं नाव निघालं की साठीतली माणसं हळवी का होतात? मी क्लीव्हलँडच्या उपनगरात बरीच वर्षं राहतोय. कोझार खेळत होता तेव्हा मी सांगलीत शाळेत जात होतो आणि फुटबॉल पायाने खेळतात एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे माझं सगळं ज्ञान जुन्या सामन्यांच्या चित्रफितींतून आणि ऑफिसातल्या, शेजारपाजारच्या चाहत्यांकडून आलेलं. पण या विषयावर ही मंडळी एवढी बोलतात की न बघताही बघितल्यासारखं झालंय.

आधी तेव्हाचं शहर कसं होतं ते बघा. क्लीव्हलँडची नदी 1969 मध्ये पेटली होती, म्हणजे खरोखरच पेटली होती, तेल आणि घाणीमुळे. डिसेंबर 1978 मध्ये शहराने बँकांची कर्जं थकवली. पोलाद कारखाने बंद पडत होते, माणसं गाव सोडत होती आणि टीव्हीवरचे विनोदवीर क्लीव्हलँडचं नाव घेऊन फुकटात हशा मिळवत होते. तिथून तास-सव्वा तासावर यंगस्टाऊन. सप्टेंबर 1977 मधल्या एका सोमवारी तिथल्या पोलाद कंपनीने मोठा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तिकडे तो दिवस अजून ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखतात. कोझार त्याच यंगस्टाऊनच्या वेशीवरच्या बोर्डमनचा. तेव्हा तेरा वर्षांचा.

हा पोरगा मायामी विद्यापीठात गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. जानेवारी 1984, नेब्रास्काविरुद्ध 31-30. पुढे काय होणार हे उघड होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूला टीम निवडता येत नाही. ड्राफ्ट होतो, टीम आपापल्या क्रमाने पोरं उचलतात आणि ज्याने उचललं त्याच्याकडे निमूट जायचं. कोझारला उचलायला मिनेसोटाची टीम टपून बसली होती. त्यासाठी ह्यूस्टनशी सौदा करून त्यांनी वरचा क्रमांकही मिळवला होता. पण कोझारला ब्राऊन्सकडेच यायचं होतं आणि त्याने फट शोधली. अभ्यास तीन वर्षांत आटोपून पदवी लवकर घ्यायची, नेहमीच्या ड्राफ्टसाठी नावच द्यायचं नाही आणि उन्हाळ्यातल्या पुरवणी ड्राफ्टमध्ये उतरायचं. तिथली पहिली निवड बफेलोची होती. ब्राऊन्सचे व्यवस्थापक अर्नी अकॉर्सी यांनी पहिल्या फेरीच्या दोन निवडींसकट बरंच काही मोजून ती आधीच आपल्याकडे वळवून घेतली होती. मिनेसोटाने आरडाओरडा केला. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी शेवटी निर्णय पोरावर सोडला आणि पोराने घर निवडलं. नियमात बसणारी लबाडी होती ती, यात वाद नाही. पण ज्या गावातून जो तो पळतोय, त्या गावात येण्यासाठी एकवीस वर्षांचा मुलगा लबाडी करतोय! माझा एक वयस्कर सहकारी म्हणतो, “त्या दिवशी त्याने फुटबॉलला हातही लावला नसता तरी आम्ही त्याचेच झालो होतो.”

आता खेळ. कोझार दिसायला अजिबात खेळाडू वाटायचा नाही. उंच, हडकुळा, कुरळ्या केसांचा, धावायला लागला की आपल्यालाच काळजी वाटावी असा. क्वार्टरबॅकने चेंडू कानाजवळून, खांद्याच्या वरून फेकावा असं लहानपणापासून शिकवतात. हा फेकायचा बाजूने, कंबरेच्या थोडं वरून, खापरी फेकून पाण्यावर भाकऱ्या काढाव्यात तसा. समोरचे आडदांड गडी हात वर करून उभे राहत आणि चेंडू त्यांच्या बगलेखालून निघून जाई. पायही जाग्यावर नसायचे. एक पाय हवेत, दुसरा मागे सरकतोय, आणि तरी चेंडू जिथे जायचा तिथे बरोब्बर. त्याचं खरं हत्यार डोकं. बचावाची मांडणी बघून ऐन वेळी चाल बदलायची आणि कोण कुठे मोकळा सापडेल हे आधीच ओळखायचं.

तो 1985 मध्ये आला आणि त्या मोसमापासून सलग पाच मोसम ब्राऊन्स प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, होते. प्रेक्षकांत कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकणारी ती प्रसिद्ध ‘डॉग पाऊंड’ही याच काळातली. रेडिओवर त्याच्या नावाचं गाणं वाजायचं.

एकच सामना बघायचा असेल तर 3 जानेवारी 1987 चा न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा प्लेऑफचा बघा. लेक एरीच्या काठावरचं जुनं म्युनिसिपल स्टेडियम, हाडं गोठवणारा वारा. चार मिनिटं आणि काही सेकंद उरलेली, ब्राऊन्स 10-20 ने मागे, नुकताच कोझारचाच पास जेट्सने पकडून त्यावर टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण) केलेला. लोक उठून पार्किंगकडे चालू लागले. पुढच्या खेपेला परिस्थिती आणखी बिकट: टीमला चार प्रयत्नांत, म्हणजे डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं असतं; इथे दुसरा डाऊन आणि 24 यार्ड हवेत, म्हणजे जवळपास संपल्यातच जमा. कोझारने फेकलेला पास वाया गेला. पण चेंडू हातातून सुटल्यावर जेट्सच्या मार्क गॅस्टिनोने त्याला मागाहून धडक दिली. पंधरा यार्डांचा दंड, नवा पहिला डाऊन. तिथून टचडाऊन, मग सात सेकंद उरले असताना बरोबरीची किक, मग जादा वेळ, त्यात जवळून हुकलेली किक, मग दुसरा जादा वेळ आणि शेवटी 23-20. कोझारच्या पासचे त्या दिवशी 489 यार्ड, प्लेऑफमधला तेव्हाचा विक्रम. आमच्या शेजारच्या काकांनी अर्धा सामना गाडीत बसून रेडिओवर ऐकला, कारण ते लवकर निघालेल्यांपैकी एक. बायको अजून त्यांना ते ऐकवते.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही ‘ड्राइव्ह’ आणि ‘फंबल’ या नावांनी ऐकलं असेलच. आठच दिवसांनी डेन्व्हरविरुद्ध, सुपर बोलच्या उंबरठ्यावर, कोझारने ब्रायन ब्रेननला 48 यार्डांचा पास देऊन 20-13 अशी आघाडी मिळवून दिली. उरली होती साडेपाच मिनिटं आणि डेन्व्हरचा क्वार्टरबॅक जॉन एल्वे स्वतःच्या दोन यार्डांच्या रेषेवर अडकलेला. त्याने तिथून 98 यार्ड चाल केली (हीच ती ‘ड्राइव्ह’), बरोबरी साधली आणि जादा वेळेत डेन्व्हर जिंकलं. पुढच्या वर्षी पुन्हा डेन्व्हर. मध्यंतराला 3-21 अशी दुर्दशा, तिथून कोझार आणि चेंडू घेऊन धावणारा अर्नेस्ट बायनर यांनी सामना ओढून आणला. मिनिट-सव्वा मिनिट उरलं असताना बायनर बरोबरीच्या टचडाऊनपासून दोनतीन यार्डांवर होता, तेव्हा डेन्व्हरच्या जेरेमाया कॅस्टिलने त्याच्या हातातला चेंडू काढून घेतला. हाच तो ‘फंबल’. हातातोंडाशी आलेला घास. सगळं खापर बायनरवर फुटलं आणि हे मला कधीच पटलं नाही. त्या दिवशी बायनरचे 187 यार्ड आणि दोन टचडाऊन होते. तो नसता तर हरायला एवढा वेळही लागला नसता. तिसऱ्यांदा, जानेवारी 1990 मध्ये, डेन्व्हरने 37-21 असं सरळ धुतलं. त्या सामन्याबद्दल कोणी काही सांगत नाही.

पण हळवेपणाचं मूळ पराभवांत नाही. ते आहे 8 नोव्हेंबर 1993 मध्ये. त्या सोमवारी प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी कोझारच्या हातात नारळ ठेवला. कारण दिलं: कौशल्य ओसरतंय. टीम तेव्हा 5-3 होती, म्हणजे पाच जिंकून तीन हरलेली. ज्याला त्याच्या जागी आणलं होतं तो विनी टेस्टावर्डी (कॉलेजातही कोझारच्या मागून आलेला, योगायोग बघा) खांदा दुखावून बसलेला. म्हणजे हातातला एकमेव अनुभवी क्वार्टरबॅक घालवला आणि टॉड फिलकॉक्सला उभं केलं. मोसम 7-9 वर संपला. आदल्या दिवशी डेन्व्हरविरुद्धच्या हरलेल्या सामन्यात कोझारने मैदानातल्या मातीत बोटाने आकृती काढून स्वतःच चाल ठरवली आणि त्यावर टचडाऊन केला, आणि प्रशिक्षकाचा पारा त्यामुळेच चढला, असं चाहते रंगवून सांगतात.

इथे मी चाहत्यांपासून थोडा वेगळा पडतो. फुटबॉलपुरतं बोलायचं तर बेलिचिकचं फारसं चुकलं नव्हतं. 1988 च्या पहिल्याच सामन्यात कोझारच्या कोपराला मार बसला आणि हात पूर्वीसारखा राहिला नाही. 1992 मध्ये घोटा मोडला. मुळातच न धावणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. आणि टेस्टावर्डी बरा झाल्यावर 1994 मध्ये ब्राऊन्सनी 11 सामने जिंकले, प्लेऑफमधलाही एक जिंकला. त्यानंतर तसा विजय थेट जानेवारी 2021 मध्ये मिळाला. हे मी एकदा केस कापताना बोललो होतो. परत बोलणार नाही; माणसाच्या हातात वस्तरा होता. तरी माणूस कसा काढावा याचं काहीतरी तारतम्य असतं, ते त्या सोमवारी नव्हतं, एवढं मीही म्हणेन.

दोनच दिवसांत कोझारला डॅलसने घेतलं. जानेवारी 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध डॅलसचा क्वार्टरबॅक ट्रॉय एकमनच्या डोक्याला मार बसल्यावर कोझार उतरला, अल्विन हार्परला 42 यार्डांचा टचडाऊन पास दिला आणि आठवड्याभराने सुपर बोलची अंगठी घेऊन मोकळा झाला. तेव्हा तुमच्या प्रश्नातली एक दुरुस्ती: त्याने सुपर बोल जिंकलाय, फक्त दुसऱ्याच्या कपड्यांत. क्लीव्हलँडमध्ये त्या वर्षी लोक डॅलसचा सामना आपलाच असल्यासारखा बघत होते म्हणे.

मग नोव्हेंबर 1995 मध्ये मालक आर्ट मॉडेल यांनी अख्खी टीम बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. 1999 मध्ये ब्राऊन्स नव्याने सुरू झाले, आणि तेव्हापासून तीसहून जास्त क्वार्टरबॅक सुरुवातीला उतरवून झाले. शहराच्या मध्यवस्तीत एका खिडकीत क्वार्टरबॅक टिम काउचची जर्सी टांगलेली असायची; नवा क्वार्टरबॅक आला की जुन्याच्या नावावर पट्टी चिकटवून नवं नाव लिहायचे. जागा पुरेनाशी झाली होती. ज्यांनी ही रांग पाहिली त्यांना कोझार जेवढा होता त्याहून मोठा दिसतो. यात त्याचा दोष नाही. सलग 308 पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती न देण्याचा त्याचा विक्रम मात्र आठवणींनी फुगवलेला नाही. तो 2010 पर्यंत टिकला आणि मोडला कोणी, तर पुढे न्यू इंग्लंडमध्ये बेलिचिकच्याच हाताखाली खेळलेल्या टॉम ब्रेडीने.

पुढे त्याचं आयुष्य सरळ गेलं नाही. 2009 मध्ये दिवाळखोरी, डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम, आणि 2024 मध्ये त्याने यकृताचा आजार आणि पार्किन्सन्स असल्याचं स्वतःच सांगितलं. मधे एक मजेशीर प्रकरणही झालं. 1 जानेवारी 2023 ला ओहायोत खेळांवरची सट्टेबाजी कायदेशीर झाली आणि कोझारने पहिल्याच दिवशी ब्राऊन्स जिंकतील यावर पैज लावली. रक्कम 19,000 डॉलर, कारण त्याची जर्सी 19 नंबरची; जिंकलेले पैसे दानात जायचे होते. पण तो तेव्हा टीमच्या रेडिओ कार्यक्रमात काम करत होता आणि लीगच्या नियमात हे बसत नाही, म्हणून त्याला काढलं. ब्राऊन्सनी त्याला दुसऱ्यांदा काढलं. आणि पिट्सबर्गविरुद्धचा तो सामना? हरले, 14-28.

जेट्सचा सामना चौथ्या क्वार्टरपासून लावलात तरी चालेल. चेंडूकडे बघू नका, कोझारच्या पायांकडे बघा. ‘ड्राइव्ह’ मात्र कोणा जुन्या चाहत्याच्या घरी लावू नका.