स्वतःच्या शेतात बिबट्या पकडायला पिंजरा लावता येतो का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या उसात बिबट्याचा वावर आहे, दोन शेळ्या गेल्या, वनखातं पिंजऱ्याचं नाव काढलं की टोलवाटोलवी करतं, आणि ओळखीचा वेल्डर पिंजरा बनवून द्यायला तयार आहे. शेत आपलं, शेळी आपली, मग पिंजरा आपला का नको, असा तुमचा प्रश्न.

कायद्याचं आधी उरकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि या कायद्याच्या लेखी नुसता सापळा लावणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे पिंजरा रिकामा राहिला तरी गुन्हा होतो. शिक्षा तीन ते सात वर्षं, वर 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजार रुपये दंड. सातबारा तुमच्या नावावर असेल, बिबट्या नाही. पकडायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून यावी लागते, आणि ती माणसाच्या जिवाला धोका असेल तर मिळते. शेळी मेली एवढ्यावर सहसा नाही. अंगावर आलेल्या बिबट्याला जीव वाचवताना मारलं गेलं, तर तो गुन्हा धरत नाहीत, तेवढी सोय आहे.

आता खरं बोलू. मी जुन्नर तालुक्यातला, ऊसवाला. आमच्या शिवारात वनखात्याने पिंजरे लावलेले जवळून पाहिलेत. ट्रॅक्टरने पिंजरा बांधापर्यंत येतो, पुढे पाणी भरलेल्या रानातून तो ढकलत न्यायला दहा माणसं लागतात. मागच्या बाजूला जाळीआड वेगळा कप्पा, त्यात शेळी. बिबट्या आत शिरला की पायाखालची फळी दबते आणि दार धाडकन खाली पडतं. वर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, टाकून झाकतात. शेळी बहुतेक वेळा शेतकऱ्याचीच. तिला रोज चारा-पाणी करायला त्याच उसाच्या कडेला कोण जाणार, यावरून घरात भांडणं होतात. आणि शेळीने ओरडायला हवं, नाहीतर आमिषाचा उपयोग काय? दोन दिवसांत ती तिथे रुळते आणि निवांत रवंथ करत बसते.

बरं, रात्री दार पडल्याचा आवाज आला म्हणून सगळी वस्ती बॅटऱ्या घेऊन धावली, तर आत गावातलंच कुत्रं! हे नेहमीचं आहे. रानमांजरही सापडतं. खरोखर बिबट्या सापडला तर तो गजांवर धडका मारून कपाळ फोडून घेतो, सुळे तुटतात. उजाडेपर्यंत पाचशे माणसं मोबाईल घेऊन उसात. तुडवलेल्या उसाचा हिशोब कुणाकडे मागायचा?

पण मुख्य अडचण ही की पिंजऱ्यात जो सापडतो तो ‘एक’ बिबट्या असतो. तुमची शेळी नेणारा तोच, हे कशावरून? शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा शेतीच्या भागात 100 चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास मोठे बिबटे निघाले. एक नेला की जागा मोकळी होते आणि दुसरा येतो, बऱ्याचदा तरणा, अनोळखी.

आणि नेलेला सोडायचा कुठे? आमच्याकडे 2001 पासून उसातले बिबटे धरून सरासरी 40 किलोमीटर लांबच्या जंगलात सोडायचा धडाका लावला होता. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे, ते सतरापर्यंत गेले. उसात जन्मलेल्या जनावराला अनोळखी डोंगरात सोडलं तर ते तिथे थांबत नाही. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक नर, त्याला ‘आजोबा’ नाव पडलं, जीपीएस पट्टा बांधून माळशेजला सोडला. तो सुमारे 120 किलोमीटर चालत थेट मुंबईच्या कडेला, राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. पकडून ठेवायचं म्हटलं तर जुन्नरजवळ माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आहे, पण तिथे किती कोंबणार? 2011 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही ऊठसूट पकडू नका असंच म्हटलंय. तुमच्या वनखात्याची टाळाटाळ म्हणजे आळसच असेल असं नाही. थोडा असेलही!

मादी सापडली तर बछडी मागे उरतात. तोडणीच्या वेळी फडात पिल्लं मिळाली तर घरी आणू नका, वनरक्षकाला बोलवा. ते संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि आई बहुतेक वेळा रात्रीत येऊन घेऊन जाते.

आणि डुकरासाठी म्हणून फासकी (तारेचा फास) किंवा कुंपणात करंट, हे डोक्यातूनही काढा. फासकीत बिबट्याच अडकतो आणि तारेच्या करंटने आपलीच माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

पिंजऱ्याच्या लोखंडाचे पैसे गोठ्यावर घाला. चारही बाजूंनी साखळी जाळी, वरूनही जाळी किंवा पत्रा, दाराला खालून फट नको. वरून उघडा गोठा म्हणजे बिबट्याला आमंत्रण. उकिरडा आणि मेलेल्या कोंबड्या घराजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात, आणि त्याच अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचाच होता. रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला एकट्याने जाऊ नका. मोठ्याने बोलत जा, मोबाईलवर गाणी लावा. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करणाऱ्याला धोका जास्त, कारण तो बुटका दिसतो. लहान पोरं अंधार पडल्यावर अंगणातही एकटी नकोत.

माणसावर हल्ला झाला किंवा बिबट्या दिवसाढवळ्या माणसामागे लागायला लागला, तर मात्र पिंजऱ्यासाठी आरएफओच्या (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या) दारात बसा, ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन बसा. शेळीच्या भरपाईसाठी पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढून ठेवा आणि त्याच दिवशी कळवा. वनखात्याचा टोल-फ्री नंबर 1926 आहे, पण तुमच्या बीटच्या (हद्दीच्या) वनरक्षकाचा मोबाईल नंबर असेल तर काम लवकर होतं.