मनिलाला नववीतली मुलगी घेऊन येताय ना? मग हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यजमानांची बदली फिलिपिन्समध्ये मनिलाला झाली, मुलगी नववीत आहे. तिला तिथे मैत्रिणी मिळतील का, मैत्रिणींच्या नादाने ती घरापासून तुटेल का आणि चार वर्षांनी ती नेमकी कुठली म्हणवून घेईल? घरभाडं, व्हिसा यांबद्दल मी लिहीत नाही. माझी मुलगी इथल्याच शाळेत मोठी झाली, तेव्हा मुलांबद्दलच सविस्तर लिहिते.

मैत्रिणी मिळतील, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लवकर मिळतील. फक्त इथे सुटी एक मैत्रीण मिळत नाही, अख्खं टोळकं मिळतं. त्याला बारकाडा म्हणतात. सात-आठ मुलंमुली, बहुतेक एकाच वर्गातली. शाळेत एका तुकडीची मुलं वर्षभर जवळजवळ सगळे तास एकत्र असतात. गटाने करायचे प्रकल्प, नाच, नाटुकली, खेळांचा आठवडा, ऑगस्टमधला भाषा-महिना असं काही ना काही सतत चालू असतं, आणि गुणही गटालाच मिळतात. त्यामुळे मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसायचं हा प्रश्न पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुटतो. एकदा टोळक्यात घेतलं की जेवण, अभ्यास, मॉल, वाढदिवस, रात्रीचा मेसेंजरवरचा ग्रुप, सगळं त्यांच्याबरोबरच. डिसेंबरात 16 ते 24 तारखेपर्यंत पहाटेच्या मिसा असतात, त्यांनाही मुलं बारकाडाबरोबर जातात आणि बाहेर आल्यावर चर्चच्या दाराशी गरम बिबिंगका, म्हणजे तांदळाचा केक, खातात. तुमची मुलगी ख्रिश्चन नसली तरी तिला बोलावतील. पाठवा.

आपल्याकडे आईबापांना टोळकं म्हटलं की धास्ती वाटते. मुलगी मैत्रिणींच्या मतानेच चालायला लागली तर तिचं स्वतःचं काय उरणार? इथल्या विचारवंतांनी हा प्रश्न उलट्या बाजूने पाहिला आहे. व्हिर्हिलियो एनरिकेस या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात फिलिपिनो मानसशास्त्राची चळवळ उभी केली आणि तिच्या केंद्रस्थानी काप्वा ही कल्पना ठेवली. समोरचा माणूस परका नाही, माझ्या ‘मी’मध्ये त्याचाही वाटा आहे, असा तिचा गाभा. इथली मुलं हे पुस्तकातून शिकत नाहीत, वागण्यातून शिकतात. पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःची ओळख सांगताना कोणाचा धाकटा, कोणत्या शाळेचा, कोणाच्या टोळक्यातला हे आधी सांगतो. त्याला त्यात स्वतःचं काही हरवल्यासारखं वाटत नाही. माझ्या मुलीने स्वतःचं मत मांडायला या टोळक्यातच सुरुवात केली, कारण तिथे तिला ऐकून घेणारे होते.

म्हणून माझा सल्ला एकच, आणि तो मी अगदी कळकळीने देते: बारकाडा तोडायला जाऊ नका, त्याला घरात घ्या. नाचाची तालीम तुमच्या हॉलमध्ये होऊ द्या. आमच्याकडे एका शनिवारी सगळी जमली होती. मी पोहे केले. लिंबाऐवजी इथली बारकी हिरवी कलमान्सी पिळायची असते. एका मुलाने तीनदा वाढून घेतले आणि जाताना प्रत्येकाने माझा हात आपल्या कपाळाला टेकवला. इथे मोठ्यांना नमस्कार असाच करतात. त्या दिवसापासून मी त्यांची ‘तिता’, म्हणजे मावशी-आत्या जे काय ते. मुलगी कुठे आहे, कोणाबरोबर आहे, परत कधी निघणार हे तेव्हापासून मला विचारावं लागलं नाही, मुलंच कळवायची. इतर आयांशीही ओळख ठेवा. कोणाकडे गेलात तर रिकाम्या हाताने जाऊ नका आणि त्यांनी पुढे केलेलं निदान चाखा तरी. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, कारण भाजीतही बहुधा डुकराचे तुकडे किंवा कोळंबीची पेस्ट असते.

आता जरा अवघड भाग. इथे नकार तोंडावर देत नाहीत. चारचौघांत कोणाची चूक दाखवणं म्हणजे त्याला लाजवणं, आणि ते फार मनाला लागतं. आपल्या मुली घरात वाद घालत वाढतात, “तुझं चुकलं” असं सरळ म्हणतात. ते इथे जरा एकांतात, हळू आवाजात म्हणायला तिला शिकवा. मैत्रीण दुखावली तर भांडत नाही, रुसते. बोलणं बंद करते, ग्रुपवर उत्तर देत नाही आणि कोणीतरी मनधरणी करील म्हणून वाट पाहते. माझ्या मुलीला हे पहिल्यांदा घडलं तेव्हा ती रडकुंडीला आली, नेमकं काय झालंय ते कोणी सांगेना. शेवटी दुसऱ्या एका मैत्रिणीने मध्यस्थी केली. माझ्या मुलीने रुसलेलीच्या आवडीचं चीज-ब्रेड नेऊन तिच्या शेजारी ठेवलं आणि दोघी बोलायला लागल्या. कारणाची चर्चा आजतागायत झालेली नाही. मला हे सुरुवातीला अपुरं वाटायचं. आता वाटतं की पंधराव्या वर्षी नातं टिकवायची ही रीत वाईट नाही.

पण सगळं गोड आहे असंही समजू नका. सगळ्यांबरोबर राहायचं या दडपणाखाली मुलांना नाही म्हणणं जड जातं, मग ते पिणं असो, वर्गणी असो की कोणाला चिडवणं असो. 2018 आणि 2022 या दोन्ही वर्षांच्या पिसा (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय) चाचणीत शाळेत छळ सोसावा लागतो असं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण फिलिपिन्समध्ये जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांपैकी होतं. 2013 च्या कायद्याने प्रत्येक शाळेला याविरुद्ध लेखी धोरण ठेवावं लागतं. प्रवेशाच्या वेळी ते मागून घ्या आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव-पद विचारून ठेवा. रंगावरून, वजनावरून तोंडावर बोलणं इथे सर्रास चालतं. मुलगी सावळी असेल तर तिला ते ऐकावं लागेल. घरी त्यावर मोकळेपणाने बोला.

भारतीय असण्याबद्दलही तयारी ठेवा. इथे भारतीयाला जुन्या सवयीने ‘बुंबाय’ म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे येतो मोटरसायकलवरून फिरून 5 पेसो देऊन 6 वसूल करणारा सावकार. लहान मुलांना “बुंबाय पकडून नेईल” म्हणून भीती घालायचे. वर्गात कोणीतरी हे म्हणणारच. माझ्या मुलीच्या बाबतीत पहिला आवाज तिच्या टोळक्यानेच उठवला, तिला स्वतःला काही बोलावंच लागलं नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्याला चटकन दिसत नाही. 20 लाखांहून जास्त फिलिपिनो परदेशात नोकरी करतात, त्यामुळे मुलीच्या टोळक्यात आई दुबईत किंवा हाँगकाँगमध्ये असलेलं मूल असणारच. त्याला आजी सांभाळते, नाहीतर थोरली बहीण. सोळा वर्षांची बहीण धाकट्यांचे डबे, फी, पालकसभा सगळं पाहते आणि तिला कोणी विचारलं तर “मी आते आहे ना” म्हणते, म्हणजे ताई. आई व्हिडिओ कॉलवर असते, वर्षातून एकदा मोठं खोकं येतं: साबण, चॉकलेटं, बूट. अशी मुलं तुमच्या घरी जास्त वेळ रेंगाळतील. त्यांना राहू द्या, पण आईबद्दल खोदून विचारू नका. तुमच्या मुलीला देश सोडल्याचं दुःख कोणापाशी बोलावंसं वाटलं तर ही मुलंच ते सर्वांत आधी समजून घेतील.

मराठीचं काय, हे तुम्ही विचारलंत. घरात मराठीच बोला, कसलाही संकोच नको. वर्गातली काही मुलं घरी इलोकानो किंवा बिसाया अशी आपल्या प्रांताची भाषा, रस्त्यावर मनिलाची तागालोग आणि वर्गात इंग्रजी बोलतात; घरची भाषा वेगळी असणं इथे कोणाला विचित्र वाटत नाही. मात्र तागालोग शिकायला पहिल्याच महिन्यात शिकवणी लावा. धडे इंग्रजीत असले तरी हशा, गुपितं आणि चिडवणं तागालोगमिश्रित इंग्रजीत चालतं. ती कळली नाही तर मुलगी टोळक्यात बसूनही बाहेरच राहते.

शाळा निवडताना हाच निकष लावा. दोन वर्षांत नक्की परतणार असाल तर आंतरराष्ट्रीय शाळा ठीक, पण फी डोळे पांढरे करणारी आणि मुलं दर वर्षी देश बदलणारी. चार वर्षं राहणार असाल तर फिलिपिनो मुलं बहुसंख्य असलेली खाजगी शाळा घ्या. बऱ्याच कॅथलिक आहेत, धर्माचा तास असतो. इथे शाळा बारावीपर्यंत आहे आणि अकरावी-बारावीत शाखा निवडावी लागते, म्हणजे मुलगी नववीत आली तर टोळकं जमायला पुरेसा वेळ मिळतो. अकरावीत आणलीत तर तिला जमलेल्या टोळक्यांत शिरावं लागेल, म्हणून बदली पुढे ढकलू नका. सरकारी शाळांचं वर्ष आता पुन्हा जूनमध्ये सुरू होतं, खाजगींचं वेगवेगळं असतं. ज्या शाळेचा विचार कराल तिला आजच ईमेल करून तारीख, परदेशी विद्यार्थ्यांसाठी लागणारी परवानगी आणि नववीत जागा आहे का, हे तिन्ही विचारा. मुलीला सत्राच्या पहिल्या दिवशीच वर्गात बसवता येईल अशी तिकिटं काढा. टोळकी पहिल्या महिन्यातच ठरतात.