प्रेस टूल डिझाइन शिकायचंय, सॉलिडवर्क्स येतं. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, सॉलिडवर्क्समध्ये (संगणकावर मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) अख्ख्या डाय सेटचं मॉडेल उभं करता येतं, पण मुलाखतीत ‘क्लिअरन्स पंचावर देणार की डायवर?’ एवढंच विचारलं आणि तुमची बोलती बंद झाली. (पंच म्हणजे वरून पत्र्यात शिरणारा भाग, डाय म्हणजे तो ज्या भोकात शिरतो तो खालचा भाग. बोलताना अख्ख्या टूललाही डायच म्हणतात.) आता कुठलं पुस्तक घेऊ, कुठला क्लास लावू, असा तुमचा प्रश्न आहे.

पुस्तक नंतर. आधी भंगाराच्या पेटीत हात घाला. चेष्टा करत नाहीये, फक्त हातमोजे घालून घाला. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, जिथे राहत असाल तिथल्या एमआयडीसीत एखादं लहानसं प्रेस शॉप सापडेलच. तिथून मूठभर वॉशर, त्यांच्या भोकांतून पडलेल्या टिकल्या (यांना स्लग म्हणतात) आणि वॉशर निघून गेल्यावर उरलेल्या जाळीदार पट्टीचा हातभर तुकडा मागून आणा. एक साधं भिंग आणि व्हर्निअर जवळ ठेवा.

आता एक टिकली, ती ज्या वॉशरमधून पडली त्याच मापाच्या भोकात परत बसवून बघा. बसत नाही. त्याच भोकातून निघालेली, पण भोकापेक्षा मोठी. २.५ मिमी पत्रा असेल तर व्हर्निअरवर तीनेक दशांश मिलिमीटरचा फरक दिसेल. तुमच्या मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर या टिकलीत आहे.

टिकलीची कड भिंगाखाली धरा. एका अंगाला कड किंचित गोल दबलेली दिसेल. तिला लागून चकचकीत पट्टा. त्यापुढे खडबडीत, मळकट, जरासा तिरका भाग. आणि दुसऱ्या टोकाला बोटाला लागणारी बर, म्हणजे धातूची बारीक धारदार किनार. पंच पत्र्यात शिरतो तेव्हा तो सगळी जाडी कापत नाही. आधी पत्रा दाबतो, मग साधारण एक तृतीयांश जाडी कापतो, आणि उरलेला पत्रा तुटतो. पंचाच्या धारेपासून एक भेग खाली येते, डायच्या धारेपासून एक वर जाते. दोन्ही एकमेकींना नीट भेटल्या तर कड स्वच्छ. त्या भेटाव्यात म्हणून पंच आणि डायमध्ये जी फट ठेवतो तिचं नाव क्लिअरन्स. फट कमी पडली तर भेगा चुकतात आणि मधला पत्रा दुसऱ्यांदा कापला जातो, म्हणून कडेवर दोन चकचकीत पट्टे दिसतात. फट जास्त झाली तर कड भलतीच गोल होते आणि बर लांब येते.

साध्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याला प्रत्येक बाजूला जाडीच्या ५ ते ८ टक्के फट धरतात, पत्रा कडक असेल तर त्याहून जास्त. ‘प्रत्येक बाजूला’ हे शब्द ड्रॉइंगवर लिहीत चला. डिझायनरने एका बाजूची फट लिहिली, वायरकटवाल्याने (विजेच्या तारेने डाय कापणाऱ्याने) ती दोन्ही बाजूंची मिळून धरली आणि डाय निम्म्या क्लिअरन्सची निघाली, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

टिकलीचा चकचकीत पट्टा डायच्या भिंतीला घासून तयार झालेला असतो, म्हणून टिकलीला डायचं माप येतं. भोकातला चकचकीत पट्टा पंचाला घासून झालेला, म्हणून भोकाला पंचाचं माप येतं. तेव्हा भोक हवं असेल तर पंच मापात आणि क्लिअरन्स डायवर. तुकडा हवा असेल तर डाय मापात आणि क्लिअरन्स पंचावर. हे पाठ करून लक्षात राहत नाही, टिकली हातात घेतली की विसरता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांत करू. एम १२ बोल्टचा वॉशर घ्या, पत्रा २.५ मिमी. समजा ड्रॉइंगवर भोक १३ ते १३.२५ आणि बाहेरचा व्यास २३.५ ते २४ आहे. क्लिअरन्स ६ टक्के म्हणजे एका बाजूला ०.१५, व्यासावर ०.३०. भोकाचा पंच १३ चा करायचा का? नाही. पंच झिजतो तसा बारीक होतो, भोकही बारीक होत जातं, आणि १३ चा पंच केलात तर महिन्याभरात भोक मापाखाली जाईल. म्हणून पंच १३.२० आणि डायचं भोक १३.५०. बाहेरच्या मापाला उलटं. डाय झिजून मोठी होते, म्हणून ती लहान बाजूला धरायची: डाय २३.६०, पंच २३.३०. सॉफ्टवेअर हे सांगत नाही, त्याला झीज ठाऊक नाही.

दोन टप्प्यांची प्रोग्रेसिव्ह डाय करू, म्हणजे पट्टी पुढे सरकत जाते आणि एकेका टप्प्यावर एकेक काम होतं. पहिल्या टप्प्यात भोक, दुसऱ्यात पायलट नावाची पिन त्या भोकात शिरून पट्टी जागेवर आणतो आणि वॉशर कापला जातो. दोन वॉशरमध्ये ३ मिमी आणि दोन्ही कडांना ३-३ मिमी पत्रा सोडला तर पट्टीची रुंदी ३० आणि पुढे सरकण्याचा टप्पा २७. एका वॉशरमागे ८१० चौरस मिमी पत्रा खर्च होतो, वॉशरमध्ये जातो जेमतेम ३२०. म्हणजे साठ टक्के पत्रा भंगारात! दोन रांगा एकमेकींच्या खाचेत बसवून तिरक्या मांडल्या तर वापर ३९ वरून ४४ टक्क्यांवर जातो. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण वर्षाला लाखो वॉशर काढणाऱ्या माणसाला डायची किंमत त्यातूनच सुटते. पट्टीची मांडणी मी अजूनही आधी कागदावर करतो, पुठ्ठ्याच्या चकत्या कापून सरकवत. घरातली पोरं हसतात.

मग जोर. परिघ गुणिले जाडी गुणिले पत्र्याची कातरण्याची ताकद. सीआरला ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरले तर बाहेरच्या कापाला ६६ किलोन्यूटन, भोकाला ३६, मिळून १०२, म्हणजे साडेदहा टनांच्या आतबाहेर. पत्रा पंचावरून सोडवायला आणखी दहा-पंधरा टक्के. प्रेस काठोकाठ भरायचा नसतो, म्हणून २० टनी घ्यायचा. इथपर्यंत सगळे करतात. पुढचं बरेच जण सोडून देतात: शॅंक, म्हणजे डायचा वरचा भाग प्रेसच्या वरखाली होणाऱ्या रॅमला जोडणारा दांडा, कुठे बसवायचा? दोन पंचांच्या बरोबर मध्ये नाही. बाहेरच्या कापाचा जोर जास्त, म्हणून जोराचा मध्य त्या पंचापासून साडेनऊ मिमीवर येतो, साडेतेरावर नाही. शॅंक तिथे नसला तर प्रत्येक ठोक्याला रॅम किंचित कलतो, आणि काही महिन्यांनी गाइड बुश (डायचे पिलर म्हणजे खांब ज्यात सरकतात ती नळी) एकाच अंगाने खाल्लेला दिसतो.

माझी पहिली स्वतंत्र डाय तेराव्या ठोक्याला फुटली. डायच्या भोकाला वरचे चार मिमी सरळ ठेवून खाली अर्ध्या अंशाची ढाळ द्यायची असते, म्हणजे टिकल्या सुटून खाली पडतात. ती मी दिली होती. पण खालच्या बोल्स्टरमधलं (डाय जिच्यावर बसते त्या जाड प्लेटमधलं) भोक डायच्या भोकाएवढंच काढलं होतं, दोन-तीन मिमी मोठं काढायला हवं ते काढलं नाही. बसवताना डाय अर्धा मिलिमीटर सरकली आणि पहिली टिकली बोल्स्टरच्या कडेवर अडकून बसली. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. डायची जाडी २८, टिकलीची अडीच. तुम्हीच भागाकार करा. अकरा-बारा टिकल्यांनी भोक गच्च भरलं आणि पुढच्या ठोक्याला डाय आरपार तडकली. आवाज शेजारच्या शेडमध्ये ऐकू गेला. मालक काही बोलले नाहीत, फक्त तो अडकलेला टिकल्यांचा दंडगोल काढून माझ्या टेबलावर ठेवून गेले. अजून पेपरवेट म्हणून वापरतो.

मटेरियलबद्दल फार लांबण लावत नाही. पंच-डायला कमी नगांसाठी ओएचएनएस, जास्त नगांसाठी डी-२ (दोन्ही टूल स्टीलच), हार्डनिंग ५८ ते ६० रॉकवेल. डी-२ ला दुकानात अजून एचसीएचसीआर म्हणतात, गोंधळू नका. बोल्टची भोकं, आटे आणि वायरकटची तार ओवायची भोकं हार्डनिंगच्या आधी पाडून घ्या, नंतर ड्रिल लागत नाही. आतल्या कोपऱ्यांना जमेल तेवढी गोलाई द्या, हार्डनिंगमधली चीर कोपऱ्यातूनच निघते. आणि वायरकट केलेल्या पृष्ठभागावर वितळून परत थिजलेला एक पातळ, ठिसूळ थर राहतो. तो ऑइलस्टोनने काढा, नाहीतर धारेचे कपचे उडतात.

जुळवणी मात्र शिकायची असेल तर टूलरूममध्ये उभं राहावंच लागतं. पंचाभोवती तीन ठिकाणी ०.१५ ची पितळी शिम (पातळ पट्टी) लावायची, वरचा भाग पिलरवरून हळूच खाली उतरवायचा, पंच डायमध्ये सगळीकडून सारखा बसला की बोल्ट आवळायचे आणि मगच डॉवेलची (भाग जागेवर पक्के ठेवणाऱ्या पिनांची) भोकं एकत्र रीम करायची, म्हणजे नेमक्या मापाला आणायची. डॉवेल आधी मारलात की मग जन्मभर शिमा घालत बसा. पातळ पत्र्याच्या डायला कागद मध्ये धरून बघतात, चहूबाजूंनी सारखा कापला गेला पाहिजे. ट्रायलचा पहिला नग आला की परत भिंग. चकचकीत पट्टा एका बाजूला रुंद, समोरच्या बाजूला अरुंद आणि तिथेच बर, असं दिसलं तर पंच मध्यावर नाही.

आता आणलेला वॉशर परत घ्या आणि दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा. भोकाची बर एका बाजूला आणि बाहेरच्या कडेची बर दुसऱ्या बाजूला लागली तर तो प्रोग्रेसिव्ह डायवर झालाय. दोन्ही एकाच बाजूला असतील तर कंपाउंड डायवर, एकाच ठोक्यात. बर बाहेरच्या कडेला वाढली असेल तर कापायच्या पंचाची धार गेलीय, भोकाला वाढली असेल तर भोकाच्या डायची. चांगल्या शॉपमध्ये डाय प्रेसवरून उतरवताना शेवटची पट्टी आणि शेवटचा नग तारेने डायलाच बांधून रॅकवर ठेवतात, ते यासाठी. टूलरूमवाला डाय उघडायच्या आधी तो नग बघतो आणि काय ग्राइंड करायचं ते ठरवतो. जिथे मुलाखतीला जाल तिथे रॅककडे एक नजर टाका. डायला नग बांधलेले दिसले तर पगार हजार-दोन हजार कमी असला तरी ती नोकरी घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात बोटं गमावलेली माणसं पाहिली नसतील तर पाहाल. दोष बहुतेक वेळा ऑपरेटरच्या घाईवर टाकला जातो. माझ्या मते निम्मी जबाबदारी ड्रॉइंगवर सही करणाऱ्याची असते. पट्टी आत सरकवायची फट पत्र्यापुरतीच ठेवली, बोट जाणारच नाही इतकी, नग हाताने काढायची वेळच येऊ दिली नाही, तर दोन हातांचं बटण आणि गार्ड ही नंतरची राखण ठरते. ‘गार्ड लावतील ते’ म्हणून उघडी डाय डिझाइन करू नका.

क्लास-कोर्सचं म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमची टूल अँड डाय मेकिंगची पदविका आणि एनटीटीएफ या तांत्रिक प्रशिक्षण संस्थेचे कोर्स उद्योगात ओळखले जातात, कारण तिथे हाताने फायलिंग करून घेतात. आयटीआयमध्येही टूल अँड डाय मेकरचा ट्रेड आहे. तुमचा डिप्लोमा झालेला आहे, तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर आणखी वर्षं शिकण्यात न घालवता एखाद्या लहान टूलरूममध्ये दोन वर्षं राहिलो असतो. मोठ्या कंपनीत डिझाइनच्या खोलीत एसी असतो, पण तुमची डाय पहिल्यांदा चालते तेव्हा तुम्ही तिथे नसता.

वाकवण्याच्या आणि ड्रॉच्या (पत्रा ओढून वाटीसारखा आकार देणाऱ्या) डायबद्दल मुद्दाम काही लिहिलं नाही. कापण्यात पत्रा बराचसा आकडेमोडीप्रमाणे वागतो. वाकवण्यात नाही. ९० अंशांत वाकवला की तो दोन-तीन अंश परत उघडतो, म्हणून ८७-८८ ला वाकवायचा, आणि तेवढ्यात स्टोअरमधून पत्र्याचा नवा रोल येतो आणि तुमचे ८८ चुकतात. वर लिहिलेल्या वॉशरची डाय आधी पूर्ण काढा, सगळी मापं टाकून. मग ते विचारा.