नातवाने आजोबांचे नाव नेमके कशात राखायचे?

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपले चार पानांचे पत्र आणि त्यासोबत जोडलेली चिरंजीवांची अर्ध्या पानाची चिठ्ठी, दोन्ही मिळाले. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: आपण सिंदेवाही तालुक्यातील एका गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहात, आपले वडील पोलीस शिपाई म्हणून भरती झाले, सहायक फौजदार म्हणून 58 व्या वर्षी निवृत्त झाले, त्यानंतरची 16 वर्षे त्यांनी गोठ्याच्या पडवीत फर्निचर बनवण्यात घालवली आणि गेल्या कार्तिकात ते वारले. मुलगा 18 वर्षांचा असून बारावी विज्ञान शाखेतून 61 टक्क्यांनी उत्तीर्ण झाला आहे. त्याला वर्षश्राद्धापूर्वी नागपूरच्या एखाद्या पोलीस भरती अकादमीत ठेवावे, म्हणजे "आबाजींचे नाव राहील", असा आपला विचार आहे आणि कोणती अकादमी चांगली, एवढेच आपण विचारले आहे.

अकादमीचे नाव मी सुचवणार नाही. मला काळजी वाटली ती आपल्या पत्राच्या मांडणीची. वडिलांच्या नोकरीवर आपण तीन पाने लिहिली आहेत. गडचिरोलीतील नेमणूक, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, दिवाळीला घरी न येणे, एका तपासासाठी मिळालेले प्रशस्तिपत्र, हे सारे त्यात आहे. त्यांच्या फर्निचरच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली: "निवृत्तीनंतर हौस म्हणून लाकूडकाम करीत, गावात थोडे हसूही होई." त्याच पानाच्या तळाशी आपण सहज लिहून गेला आहात की पडवी रिकामी करून हत्यारे एका मिस्तरीला देऊन टाकायची आहेत.

हिशेब करून पाहा. वडील निवृत्त झाले तेव्हा आपला मुलगा दोन वर्षांचा होता, म्हणजे त्याने आजोबांना गणवेशात पाहिल्याचे त्याला आठवणे शक्यच नाही. ज्यांना बापाची खाकी आठवते, आणि त्या खाकीमुळे बाप घरी नसल्याचेही आठवते, ते आपण. नातवाला जो माणूस रोज संध्याकाळी भेटत होता, त्याच्या अंगावर लाकडाचा भुसा असे आणि कानाला पेन्सिल. आपण मुलाला ज्यांचे नाव राखायला सांगत आहात, ते त्याच्या ओळखीचे आजोबा नव्हेत, आणि त्याच्या ओळखीचे जे आजोबा होते त्यांची हत्यारे आपण काढून टाकत आहात. तरुणपणी आपण स्वतः दोनदा भरतीला उभे राहिलात आणि छातीच्या मापात कमी पडलात, हेही आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे. ते वाचल्यावर मला स्पष्टच विचारावेसे वाटते की ही भरती नेमकी कोणाची चालली आहे? आपले दुःख मी समजू शकतो, पण ते फेडायला 18 वर्षांच्या मुलाला मैदानावर धावायला लावणे मला पटत नाही.

आता भरतीविषयी. बारावी झालेल्या उमेदवाराला ती खुली आहे. पुरुषांसाठी किमान उंची 165 सेंटिमीटर, छाती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून पाच जास्त, मग 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे व गोळाफेक मिळून 50 गुणांची मैदानी आणि त्यानंतर 100 गुणांची लेखी परीक्षा. खुल्या प्रवर्गातील वयोमर्यादाही 28 वर्षांची आहे, म्हणजे कार्तिकापर्यंतची घाई फक्त आपल्या मनात आहे.

एक गैरसमज मात्र आपल्या पत्रात दोनदा आला आहे आणि तो मी ब्रह्मपुरीपासून अहेरीपर्यंत अनेक घरांत ऐकतो: "घरात पोलीस होऊन गेले, तर नातवाला काहीतरी सवलत असेलच." ती नाही. भरतीत पोलीस पाल्यांसाठी समांतर आरक्षण असते, पण ते पोलिसांच्या मुला-मुलींसाठी. नातवंडे त्यात बसत नाहीत. अनुकंपा तत्त्वावरील नेमणूक ही सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला आधार म्हणून असते. आपले वडील रीतसर निवृत्त होऊन 16 वर्षे निवृत्तिवेतन घेऊन गेले, तेव्हा तोही प्रश्न उद्भवत नाही. "आतून करून देतो" म्हणून कोणी पैसे मागत असेल, आणि आपल्या पत्रात तशा एका गृहस्थाचा पुसट उल्लेख आहे, तर एका फौजदाराच्या मुलाने अशा माणसाला चहासुद्धा पाजू नये.

मुलाच्या चिठ्ठीतील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. आबाजींनी अर्धवट सोडलेल्या आलमारीबद्दल तो लिहितो, "दाराची फळी मी खाचेत मोकळीच ठेवली आहे, चिकटवली नाही, कारण वैशाखात घट्ट बसवलेली फळी श्रावणात चौकट फोडते, असे आबाजी सांगत." आपण हे वाक्य वाचून पुढे गेला असाल. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि लाकूड वाळून आकसते. पावसात तेच लाकूड हवेतील ओलावा घेऊन फुगते, आणि हे फुगणे रेषांच्या आडव्या दिशेने होते, लांबीत जवळपास नाही. म्हणून चांगला कारागीर चौकटीचे सांधे कुसू, म्हणजे खाचेत शिरणारे लाकडाचे टोक, बसवून पक्के करतो आणि मधल्या फळीला हलायला जागा सोडतो. दुकानातून आणलेल्या कपाटांचे ड्रॉवर आषाढात का अडकतात, हे ज्याला 18 व्या वर्षी ठाऊक आहे, त्याला "दिशा नाही" असे म्हणणे अन्यायाचे आहे.

आपण थट्टेने लिहिले आहे की वडील प्रत्येक वस्तूची वहीत "पंचनाम्यासारखी" नोंद ठेवत: लांबी, रुंदी, कोणते लाकूड, कोणत्या लाकूड डेपोची पावती, कोणाला दिली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या सागाला देशभर मागणी आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरच्या डेपोतूनच साग गेला. याच भागात चोरट्या सागाचीही कमतरता नाही, आणि वनविभागाच्या वाहतूक परवान्याशिवाय सागाचे लाकूड नेणे हा गुन्हा आहे. ज्याने उभ्या नोकरीत पुरावा जपला, त्याने स्वतःच्या दिवाणाची आणि देव्हाऱ्याचीही पावती जपली. आपण ज्या माणसाचे दोन तुकडे करून एक ठेवू आणि एक देऊन टाकू पाहता, तो माणूस एकच होता. ती वही मुलाकडे द्या.

"आम्ही वाढई नाही, लोक काय म्हणतील," हे आपले वाक्य एका शिक्षकाच्या लेखणीतून आलेले पाहून वाईट वाटले. आपल्या वर्गात वाढयाचा, म्हणजे सुताराचा, मुलगा बसत असेल, तर त्याने हे वाक्य कसे ऐकावे? लोक जे म्हणायचे ते 16 वर्षे म्हणत होते आणि लग्नसराईत आलमारी सांगायला आबाजींकडेच येत होते.

चिरंजीवांनाही दोन शब्द सांगतो, कारण मी त्यांच्या बाजूने उभा आहे असे समजून त्यांनी हुरळून जाऊ नये. आजोबा साहित्याच्या किमतीत दिवाण देऊ शकत होते, याचे कारण दर महिन्याला येणारे निवृत्तिवेतन. तुम्हाला ते नाही. गावात प्लायवूडचे, लोखंडी आणि तयार फर्निचर स्वस्तात येते, मागणी तुळशीच्या लग्नानंतर वाढते आणि पेरणीच्या दिवसांत जवळजवळ थांबते. हात चांगला असणे पुरेसे नाही. मजुरी मागण्याची जीभही लागते, आणि ती तुम्हाला आजोबांकडून मिळालेली दिसत नाही.

माझे मत असे आहे. शासकीय आयटीआयमधील सुतारकामाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करावी, म्हणजे यंत्रे, नकाशा वाचन आणि सुरक्षितता शिकता येईल; आजोबांच्या पडवीत या गोष्टी नव्हत्या. पुढे रस राहिला तर बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत यंत्रावरील लाकूडकामाचे प्रशिक्षण मिळते, आणि घराजवळ चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तेही पाहून यावे. पारंपरिक कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 15,000 रुपयांच्या अवजारांवर आणि पाच टक्के व्याजाच्या कर्जावर आपण, गुरुजी, विसंबू नका: शासकीय सेवेत असलेल्यांच्या कुटुंबाला ती योजना लागू नाही आणि अविवाहित मुलगा आपल्याच कुटुंबात मोजला जातो. सकाळचे धावणे मुलाला स्वतःला आवडत असेल तर त्याने खुशाल चालू ठेवावे आणि भरतीची जाहिरात आल्यावर त्याचे त्याने ठरवावे.

तोवर हत्यारे देऊन टाकू नका. पटाश्या आणि रंध्याची पाती पावसाआधी तेल लावून ठेवायला सांगा, नाहीतर गंज धरेल. अर्धवट आलमारी मुलाला पूर्ण करू द्या, पण घरासाठी नव्हे, गिऱ्हाईकासाठी. लाकूड, कडी-कोयंडे, पॉलिश आणि स्वतःच्या प्रत्येक दिवसाची मजुरी त्याने आबाजींच्या वहीतल्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहावी आणि मगच भाव सांगावा. त्या पानाची प्रत मला पाठवा. त्यात तोटा निघाला, तर तो लाकडाचा, मजुरीचा की संकोचाचा, हे आपण तिघे मिळून पाहू.

आपला,
करिअर मार्गदर्शक